जावास्क्रिप्ट ‘चालून झाली’ हे ठरवायचं कुणी?

यावल तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब पाहणाऱ्या ताईंचा प्रश्न असा: एका केळी व्यापाऱ्याच्या वेबपानावर रोज सकाळी भाव लागतो. ब्राउझरमध्ये तक्ता नीट दिसतो. पायथॉनमधून तेच पान उतरवलं की तक्त्याच्या जागी रिकामा डिव्ह (पानातला एक कप्पा) येतो आणि खाली ‘कृपया जावास्क्रिप्ट सुरू करा’ एवढीच ओळ. महिनाअखेरीच्या हिशेबात ‘त्या दिवशी आम्ही हा भाव लावलाच नव्हता’ असं ऐकायची वेळ येऊ नये म्हणून पान जसं दिसलं तसं रोज जपून ठेवायचंय. तर जावास्क्रिप्ट चालून झाल्यानंतरचं एचटीएमएल मिळवायचं कसं?

ताई, चाललेल्या पानाचं एचटीएमएल काढणं हे एका ओळीचं काम आहे. ते केव्हा काढायचं हे ठरवण्यात सगळं डोकं जातं. ‘चालून झाली’ असा क्षण हल्लीच्या बहुतेक पानांना येतच नाही. भाव आले तरी मागे काहीतरी चालूच असतं: दर मिनिटाला नवा भाव आला का याची विचारणा, जाहिरातींची अदलाबदल, पाहणाऱ्यांची मोजणी. त्यामुळे झालं कधी हे पान सांगत नाही, ते तुम्हाला ठरवून संगणकाला सांगावं लागतं. पण तिथपर्यंत जाण्याआधी दोन-तीन गोष्टी तपासून घ्या, कदाचित एवढ्या खटाटोपाची गरजही नसेल.

आत्ता होतंय ते असं. पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी सर्व्हरकडे पान मागते आणि आलेला मजकूर तसाच तुमच्या हातात देते. त्यातला स्क्रिप्टचा टॅग तिच्या लेखी नुसती अक्षरं. कमांड लाइनवरून पान मागवणाऱ्या कर्लचंही तसंच आणि ब्यूटिफुलसूप तर फक्त आलेल्या मजकुराची उकल करतं. ब्राउझर मात्र तो मजकूर वाचून मेमरीत पानाची रचना उभी करतो, तिला डॉम म्हणतात. मग स्क्रिप्ट चालते, दुसऱ्या एखाद्या पत्त्यावरून भाव मागवते आणि डॉममध्ये तक्ता भरते. क्रोममध्ये कंट्रोल आणि यू दाबल्यावर दिसतो तो सर्व्हरनं पाठवलेला मूळ मजकूर, तर उजवं बटण दाबून ‘इन्स्पेक्ट’ केल्यावर दिसतो तो आत्ताचा डॉम. तुम्हाला दुसरा हवाय आणि पायथॉन पहिला देतंय.

म्हणून पहिली तपासणी: कंट्रोल-यू करून उघडलेल्या मजकुरात आजच्या भावाचा एखादा आकडा शोधा. सापडला तर जावास्क्रिप्टचा काही संबंध नाही, तुमचा पायथॉनचा शोध चुकीच्या टॅगवर चाललाय. कधी आकडा सापडतो, पण तक्त्यात नाही तर एखाद्या स्क्रिप्टच्या टॅगमध्ये जेसनच्या (माहिती नाव-किंमत जोड्यांत लिहायची पद्धत) रूपात. नेक्स्ट जेएसवर बांधलेल्या पुष्कळ पानांत ‘नेक्स्ट डेटा’ नावाचा असा एक टॅग असतो, त्यात सगळी माहिती आयती मिळते. आकडा कुठेच नसेल तर डेव्हटूल्स (ब्राउझरमधलीच तपासणीची साधनं, ‘इन्स्पेक्ट’ही त्यातलंच) उघडा, ‘नेटवर्क’मध्ये ‘फेच/एक्सएचआर’ निवडा आणि पान पुन्हा उघडा. एक-एक विनंती पाहत गेलात की ‘रिस्पॉन्स’मध्ये भाव दिसतील. त्या विनंतीवर उजवं बटण दाबून ‘कॉपी ॲज कर्ल’ केलं की तीच विनंती ब्राउझरशिवाय पुन्हा करता येते. जुन्या धाटणीच्या एएसपी डॉट नेट पानांची तऱ्हा थोडी वेगळी: तिथे बाजार निवडला की पूर्ण फॉर्म ‘व्ह्यूस्टेट’ नावाच्या लांबलचक छुप्या मजकुरासह परत सर्व्हरकडे जातो. तो मजकूर आधी वाचून तसाच परत पाठवला तर तिथेही ब्राउझर लागत नाही.

नुसते आकडे हवे असणाऱ्यांनी इथेच थांबावं. ब्राउझर चालवणं जड काम आहे, वेळ खातं, मेमरी खातं आणि पानाची मांडणी जरा बदलली की मोडतं. बाजार समित्यांचे रोजचे भाव हवे असतील तर डेटा डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर ते एपीआयनं (प्रोग्रामनं थेट माहिती मागायची सोय) मिळतात, नोंदणी करून किल्ली घ्यायची एवढंच. रावेर-यावलकडची निम्मी मंडळी बऱ्हाणपूरच्या भावावर डोळा ठेवून असतात, त्यांनाही आकड्यांशीच मतलब.

तुमचं तसं नाही. व्यापाऱ्यानं काय *दाखवलं* याची तुम्हाला नोंद हवी आहे. मागून आलेल्या जेसनमध्ये १२५० असेल आणि पानावर स्क्रिप्ट त्यातून अडत वजा करून ११९० दाखवत असेल, तर शेतकऱ्यानं पाहिला तो ११९०. वाद त्यावर होणार. म्हणून तुम्हाला चाललेलं पानच लागेल. सोबत ते मूळ जेसनही ठेवलंत तर उत्तमच.

हातानं काढायचं तर ‘इन्स्पेक्ट’मध्ये सगळ्यात वरच्या एचटीएमएल टॅगवर उजवं बटण, ‘कॉपी’, मग ‘कॉपी आउटरएचटीएमएल’. किंवा कन्सोलमध्ये ‘कॉपी’ या फंक्शनला ‘डॉक्युमेंट डॉट डॉक्युमेंटएलिमेंट डॉट आउटरएचटीएमएल’ द्यायचं (टाइप करताना रोमन लिपीत, ‘डॉट’च्या जागी टिंब), सगळा मजकूर क्लिपबोर्डवर येतो. यात अगदी वरची डॉकटाइपची (पान कोणत्या नियमांनी मांडायचं हे सांगणारी) ओळ येत नाही. ती हातानं जोडा, नाहीतर ब्राउझर फाइल जुनाट पद्धतीनं मांडतो आणि तक्त्याचं रूप बिघडतं. ‘सेव्ह ॲज’ वापरणार असाल तर त्यातला फरक लक्षात ठेवा: ‘एचटीएमएल ओन्ली’ सर्व्हरचा मूळ मजकूर साठवतं, ‘कम्प्लीट’ आत्ताचा डॉम साठवतं. म्हणजे नेमका नको तो पर्याय नावानं जास्त साधा वाटतो.

रोज आपोआप व्हायला हवं तर स्क्रीनशिवाय चालणारा ब्राउझर लागतो. जुन्या उत्तरांत तुम्हाला फँटमजेएस सापडेल, त्याच्या वाटेला जाऊ नका, त्याचं काम २०१८ मध्ये थांबलं आणि आजची जावास्क्रिप्ट त्याला झेपत नाही. २०१७ मध्ये क्रोमच्या ५९व्या आवृत्तीपासून खुद्द क्रोमच ‘हेडलेस’, म्हणजे स्क्रीनशिवाय, चालू लागला, तेव्हाच फँटमजेएसची सद्दी संपली होती. आज तुमच्या ऑफिसच्या संगणकावरचा क्रोम कमांड लाइनवरून ‘हेडलेस’ आणि ‘डंप-डॉम’ हे दोन स्विच आणि पानाचा पत्ता देऊन चालवला तर तो पान उघडतो, स्क्रिप्ट चालवतो आणि डॉमचं एचटीएमएल ओतून बंद होतो. एक ओळही प्रोग्राम लिहावा लागत नाही. अडचण एवढीच की तो कशासाठी थांबायचं हे विचारत नाही. ‘व्हर्च्युअल-टाइम-बजेट’ नावाचा स्विच मिलिसेकंदांत देता येतो. त्यानं पानाचं आतलं घड्याळ पुढे पळवलं जातं, म्हणजे स्क्रिप्टनं ‘पाच सेकंदांनी हे कर’ म्हटलेलं लगेच होतं. साध्या पानांना एवढं पुरतं. ‘भाव आले की मगच साठव’ असं मात्र त्यात सांगता येत नाही.

ते सांगायचं तर सेलेनियम, पपेटियर किंवा प्लेराइट. सेलेनियम सगळ्यात जुनं, २००४ पासूनचं. पपेटियर गूगलचं, नोड जेएससाठी. प्लेराइट मायक्रोसॉफ्टचं, २०२० मध्ये आलं आणि पायथॉनमधून नीट चालतं. तुमचं पायथॉन आहे तर प्लेराइट घ्या. पिपनं (पायथॉनच्या लायब्रऱ्या बसवणारं साधन) ते बसवा, मग त्याच्याच ‘इन्स्टॉल’ आज्ञेनं क्रोमियम उतरवून घ्या (उतरवणं बरंच मोठं आहे, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर करू नका). क्रम सरळ आहे: ब्राउझर सुरू करा, नवं पान उघडा, ‘गोटू’ला पत्ता द्या, थांबा, मग ‘पेज डॉट कंटेंट’ मागा. ते डॉकटाइपसकट पूर्ण एचटीएमएल देतं. सेलेनियममध्ये हेच काम ‘पेज सोर्स’ करतं.

आता त्या ‘थांबा’कडे येऊ.

नवशिके पहिल्यांदा ‘स्लीप’ लिहितात, पाच सेकंद थांब म्हणून. दुपारी ते चालतं, सकाळी सगळ्यांनी भाव बघायला गर्दी केली की सर्व्हर आठ सेकंद घेतो आणि रिकामा तक्ता साठवला जातो. मग कुणी पाचाचे पंधरा करतं. त्यानं रोज दहा सेकंद वाया जातात आणि खात्री तरीही नसते. केळीचा घड आपण लागवडीपासूनचे दिवस मोजून कापत नाही, फळाच्या धारा गोलसर झाल्या का ते बघून कापतो. इथेही घड्याळाकडे न बघता फळाकडे बघायचं.

ब्राउझर स्वतः काही खुणा देतो, पण त्या दुसऱ्याच गोष्टीच्या असतात. ‘डीओएम कंटेंट लोडेड’ म्हणजे मूळ एचटीएमएल वाचून झालं. ‘लोड’ म्हणजे त्यात नाव घेतलेली चित्रं, स्टाइल आणि स्क्रिप्टच्या फाइली येऊन पोचल्या. प्लेराइटचं ‘गोटू’ काही सांगितलं नाही तर ‘लोड’पर्यंतच थांबतं. स्क्रिप्ट भाव मागवायला निघते ती पुष्कळदा त्याच सुमाराला किंवा त्यानंतर. मग येतो ‘नेटवर्क आयडल’: अर्धा सेकंद कुठलीच विनंती चालू नसेल तर पान शांत झालं असं समजायचं. ऐकायला हे अगदी हवं तेच वाटतं आणि बरेच जण तेवढ्यावर भिस्त ठेवतात. पण सतत विचारणा करणाऱ्या पानावर अशी शांतता येतच नाही आणि तीस सेकंदांनी प्लेराइट हात टेकतं. दुसरीकडे एखादं पान आधी बाजारांची यादी मागवतं, ती मांडता मांडता अर्ध्या सेकंदाहून जास्त थबकतं आणि मग भाव मागवतं. तिथे मधल्याच शांततेत फाइल साठवली जाते. प्लेराइटच्या स्वतःच्या दस्तऐवजातही ‘नेटवर्क आयडल’ वापरू नका असंच म्हटलंय.

‘वेट फॉर सिलेक्टर’ बरं: अमुक एक घटक दिसला की पुढे जा. पण कोणता घटक हे विचार करून निवडा. तक्त्याचा सांगाडा पुष्कळदा आधीच येतो आणि त्यात ‘भाव येत आहेत…’ अशी एक ओळ असते, किंवा आजकाल फॅशन आहे तशा करड्या रंगाच्या रिकाम्या पट्ट्या. तुम्ही ‘तक्त्याची ओळ दिसली की साठव’ म्हटलंत तर त्या पट्ट्या साठतील. त्याहून फसवा प्रकार म्हणजे पान आधी ब्राउझरमध्ये साठवलेले कालचे भाव दाखवतं आणि क्षणभरानं आजचे बदलतं. दरवेळी कोरा ब्राउझर उघडणाऱ्या प्रोग्रामला हे सहसा भेटत नाही, कारण त्याच्याकडे कालचं काही नसतं. पण लॉगिन टिकावं म्हणून जुना प्रोफाइल वापरलात की भेटतं. आणि ते कळतही नाही, कारण तक्ता भरलेला, आकडे पटण्याजोगे, फक्त दिवस चुकीचा.

म्हणून खूण अशी लिहा की ती तुमच्या कामाच्या भाषेत खरी असेल. तुमच्यासाठी मी अशी लिहीन: ‘येत आहेत’ ही ओळ पानावर नाही, तक्त्यात रावेर आणि यावलच्या ओळी आहेत, त्यांच्या भावाच्या घरात आकडा आहे, आणि पानावर छापलेली तारीख आजची आहे. प्लेराइटच्या ‘वेट फॉर फंक्शन’ला ही अट जावास्क्रिप्टच्या एका छोट्या फंक्शनच्या रूपात देता येते, ते ती पानाच्या आत पुन्हा पुन्हा तपासतं आणि खरी ठरली की लगेच पुढे जातं. आकडे मधेच बदलण्याची भीती असेल तर अट खरी झाल्यावर एकदा तक्त्याचा मजकूर वाचा, एखाद्या सेकंदानं पुन्हा वाचा, दोन्ही सारखे असतील तरच साठवा.

अट पूर्ण झालीच नाही तर? इथे लोक प्रोग्राम पडू देतात, ते करू नका. वेळ संपली तरी जे दिसतंय ते साठवा, फक्त फाइलच्या नावात ‘अपूर्ण’ लिहा आणि सोबत स्क्रीनशॉट घ्या. पोळ्याला किंवा दिवाळीत व्यापारी भाव लावत नाही, पानावर ‘आज बाजार बंद’ असतं, तीही तुमच्या कामाची नोंदच आहे. वीज गेली किंवा नेट तुटलं म्हणून काहीच आलं नाही, ती गोष्ट वेगळी, तिथे अर्ध्या तासानं पुन्हा प्रयत्न करायचा. हे दोन प्रकार एकाच ‘एरर’ शब्दाखाली ढकलले की महिन्यानं कोणती तारीख कशामुळे रिकामी आहे हे सांगता येत नाही.

तारखेवरून आठवलं. ऑफिसचा संगणक रात्री बंद असतो म्हणून बरेच जण असं काम भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर ठेवतात. तिथलं घड्याळ बहुधा यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचला प्रोग्राम चालला तर त्या ब्राउझरच्या लेखी अजून कालचीच तारीख असते आणि स्क्रिप्ट निमूटपणे कालचे भाव मागवते. प्लेराइटमध्ये कॉन्टेक्स्ट (ब्राउझरचं एक वेगळं सत्र) उघडताना ‘टाइमझोन’ म्हणून एशिया/कोलकाता द्या. त्याच ठिकाणी ‘लोकॅल’ही (ब्राउझरची भाषा आणि प्रदेश) देता येतो आणि त्याची स्वतःची एक गंमत आहे. तो मराठी ठेवला आणि पान आकडे ब्राउझरच्या भाषेप्रमाणे मांडत असेल, तर १२५० देवनागरी अंकांत, मध्ये स्वल्पविराम घेऊन छापला जातो. पायथॉनचं ‘इंट’ देवनागरी अंक बिनतक्रार वाचतं, स्वल्पविरामावर अडतं. जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ तर देवनागरी अंक दिसताच ‘हा आकडाच नाही’ म्हणतं. वरच्या अटीत ‘आकडा आहे का’ तपासताना हे विसरलात तर ती कधीच खरी होणार नाही. तुमच्या सदस्यांना पान ज्या भाषेत दिसतं तीच ठेवा आणि अट दोन्ही अंक ओळखेल अशी लिहा.

समजा योग्य क्षणी एचटीएमएल हाती आलं. डोळ्यांना दिसलेलं सगळं त्यात असतं असं नाही. तुमच्यासारख्या नोंदीच्या कामात सगळ्यात घातक मला वाटतो तो निवडयादीचा घोळ. वर यादी आहे, तुम्ही ‘रावेर’ निवडलं, खाली रावेरचे भाव आले. पण निवड ही डॉमच्या गुणधर्मात राहते, एचटीएमएलमधल्या अॅट्रिब्यूटमध्ये (टॅगच्या आत लिहिलेल्या माहितीत) उतरेलच असं नाही. साठवलेली फाइल उघडली की यादीत सर्वांत वरचं नाव दिसतं, समजा ‘चोपडा’, आणि खाली भाव रावेरचे. असा कागद वादात तुमच्यावरच उलटेल. भरलेल्या चौकटींतल्या मजकुराचंही असंच. उपाय साधा आहे: साठवण्याआधी ‘इव्हॅल्युएट’नं पानात चार ओळी चालवून प्रत्येक चौकटीतला आत्ताचा मजकूर आणि यादीतली निवड अॅट्रिब्यूटमध्ये लिहून टाका.

आलेख असेल तर तो कशावर काढलाय ते बघा. एसव्हीजीचा (टॅगांनी लिहिलेलं चित्र) असेल तर एचटीएमएलमध्ये येतो. कॅनव्हासवरचा, म्हणजे स्क्रिप्टनं रंगवलेला असेल (चार्ट जेएसचे आलेख असेच) तर फक्त रिकामा टॅग येतो, चित्र नाही. आयफ्रेममधलं (पानाच्या आत बसवलेलं दुसरं) पानही आपोआप येत नाही, प्लेराइटमध्ये प्रत्येक फ्रेमचा ‘कंटेंट’ वेगळा मागावा लागतो. शॅडो डॉममध्ये (एखाद्या घटकाच्या आत वेगळ्या ठेवलेल्या रचनेत) लपवलेले घटक आउटरएचटीएमएलमध्ये दिसत नाहीत. काही लायब्रऱ्या स्टाइलचे नियम थेट मेमरीत घालतात, त्यामुळे स्टाइलचा टॅग रिकामा साठतो आणि पान उघडं-बोडकं दिसतं. आणि लांबलचक तक्ते. काही पानं खाली सरकवल्याशिवाय पुढच्या ओळी आणतच नाहीत, ती प्रोग्रामनं सरकवत न्यावी लागतात. काही तर त्याहून पुढची, खाली गेलं की वरच्या ओळी डॉममधून काढूनच टाकतात. अशा पानाचं एकसंध एचटीएमएल कोणत्याच क्षणी अस्तित्वात नसतं, तुकड्या-तुकड्यानं वाचून घ्यावं लागतं, किंवा सरळ मागच्या जेसनकडे जावं.

साठवलेल्या फाइलमध्ये मूळ स्क्रिप्ट राहू देऊ नका. मार्चची फाइल जुलैमध्ये उघडली की त्यातली स्क्रिप्ट पुन्हा चालते. बहुधा तिला सर्व्हर दाद देत नाही आणि ती तक्ता पुसून ‘काहीतरी बिघडलं’ लिहिते. सर्व्हरनं दाद दिली तर आणखी वाईट, मार्चच्या फाइलमध्ये जुलैचा भाव दिसू लागतो. स्क्रिप्टचे सगळे टॅग काढा, आणि चित्रं व स्टाइल सापडावीत म्हणून ‘बेस’ टॅगमध्ये मूळ पत्ता घाला. खरं तर नोंदीसाठी मी एमएचटीएमएल पसंत करतो. क्रोमच्या ‘सेव्ह ॲज’मधला ‘सिंगल फाइल’ हा पर्याय तोच. चित्रं, स्टाइल, आयफ्रेम सगळं एका फाइलमध्ये येतं आणि क्रोम ती उघडताना स्क्रिप्ट चालवत नाही. प्लेराइटमधून क्रोमियमच्या डेव्हटूल्स प्रोटोकॉलला ‘पेज डॉट कॅप्चरस्नॅपशॉट’ सांगून ती मिळते. हातानं साठवणाऱ्यांसाठी सिंगलफाइल नावाचं मोफत एक्स्टेन्शनही चांगलं आहे. तेव्हा रोजचा संच असा होईल: एमएचटीएमएल, पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट आणि मूळ जेसन.

त्या प्रत्येक फाइलची शा-२५६ हॅश (फाइलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा) त्याच वेळी काढून वेगळ्या वहीत किंवा स्वतःलाच ईमेलनं पाठवून ठेवा. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’नं निघते, पायथॉनमध्ये ‘हॅशलिब’नं. फाइलमधलं एक अक्षर जरी बदललं तरी हॅश बदलते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्याच्या नमुन्यात हॅश आणि ती काढायची पद्धत लिहायला जागाच ठेवलेली आहे. प्रकरण कोर्टापर्यंत जाईल असं नाही, बहुतेक वेळा पारावरच मिटतं. पण जायची वेळ आली तर वकिलाला पहिल्या दिवसापासूनच्या हॅश मिळाल्या पाहिजेत, मागाहून काढलेल्या नव्हेत.

मराठी पानांच्या दोन खास अडचणी. विंडोजवर पायथॉननं फाइल लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ असं स्पष्ट द्या, नाहीतर पहिल्याच देवनागरी अक्षराला प्रोग्राम अडतो. आकडे सीएसव्हीत काढून एक्सेलमध्ये उघडणार असाल तर ‘यूटीएफ-८-सिग’ द्या, म्हणजे गावांची नावं चिन्हांच्या कचऱ्यासारखी दिसणार नाहीत. दुसरी अडचण जुन्या फॉन्टची. काही पानं अजून युनिकोडपूर्व मराठी फॉन्टवर चालतात. डोळ्यांना ‘रावेर’ दिसतं, पण एचटीएमएलमध्ये रोमन अक्षरांची खिचडी असते. तिथे कितीही थांबलात तरी ती ‘रावेर’ होणार नाही, फॉन्टप्रमाणे रूपांतर करणारा तक्ताच लागेल. याच्या नेमकं उलट, लिनक्स सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर स्क्रीनशॉटमध्ये चौकोन दिसतात, एचटीएमएल मात्र व्यवस्थित असतं. नोटो सान्स देवनागरी बसवा, चौकोन जातील.

चालवायचं कुठे? माझं मत, ऑफिसच्याच संगणकावर, विंडोजच्या टास्क शेड्युलरनं, यूपीएस असलेल्या मशीनवर. दिवसातून एकदा पान उघडायला क्लाउड कशाला? क्लाउडच हवा असेल तर अगदी किमान मेमरीचा सर्व्हर घेऊ नका, क्रोम त्यात गुदमरतो. डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या डब्यात चालवायची सोय) चालवणार असाल तर त्याची सामायिक मेमरी मुळात फक्त ६४ एमबी असते आणि पान अर्ध्यावर कोसळतं. ती वाढवा, किंवा क्रोमला ‘डिसेबल-डेव्ह-एसएचएम-युसेज’ हा स्विच द्या. नेट मंद आहे म्हणून चित्रं अडवायची युक्ती सगळीकडे सांगतात, प्लेराइटमध्ये ती सोपीही आहे. नोंदीच्या कामात मात्र ती वापरू नका, कारण उद्या त्या चित्रातच ‘भाव प्रति क्विंटल, अडत वेगळी’ असं छापलेलं निघायचं.

संकेतस्थळाची रोबोट्स डॉट टीएक्सटी फाइल (प्रोग्रामनी कोणती पानं उघडू नयेत हे सांगणारी) पाहा आणि पानाच्या अटी वाचा. दिवसातून एकदा, माणसासारखं, एकच पान उघडायचं. त्यावर कुणी हरकत घेणं कठीण आहे, पण कॅप्चा किंवा लॉगिनच्या भिंतीला बगल देणारं काही करू नका, मग तुमची नोंदच संशयास्पद ठरते. आणि व्यापाऱ्याशी तुमचा रोजचा व्यवहार आहे तर एकदा फोन करून विचाराच की, भावाची सही-शिक्क्याची पीडीएफ रोज व्हॉट्सअॅपवर पाठवाल का? बरेच जण पाठवतात. नाही म्हणाले तर वरचं सगळं आहेच. फक्त तुमच्या पानावरची ‘येत आहेत’ची ओळ आणि तारीख कोणत्या टॅगमध्ये आहे ते इन्स्पेक्टमधून उतरवून पाठवा, अटीचं फंक्शन मी लिहून देतो.